रात्रपाळीच्या गड्यांची नोंद कोण ठेवणार?



सध्या आमच्या पारावर दोनच विषय आहेत. सोयाबीनचा भाव आणि पवनचक्कीचं भाडं. धाराशिव-बीडच्या बालाघाटावर पंखे उभे राहिले, त्याला बरीच वर्षं झाली. तोच डोंगर पुढं अहमदपूर, कंधार, मुखेडकडं येतो. मोकळा माळ, मोकळा वारा. त्यामुळं जमीन बघायला येणाऱ्या गाड्या आता आमच्याकडंही दिसतात. माझ्या माळाच्या तुकड्यालाही विचारणा आली आहे.

आधीच सांगतो, माझा पवनचक्कीला विरोध नाही. ज्या मुरमाड रानात हुलगाही धड येत नाही, तिथं वर्षाला ठरलेले पैसे मिळत असतील तर नको कोण म्हणेल? पण सही करायच्या आधी शिवारात एक नोंद व्हायला पाहिजे. वटवाघळांची.

हसू नका, पुढचं वाचा.

हरभऱ्यात आपण पक्षी थांबे लावतो. कोतवाल, साळुंकी, बगळे दिवसा अळ्या वेचतात. ही झाली दिवसपाळी. पण तुरीची शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्याची घाटे अळी आणि कपाशीची अमेरिकन बोंडअळी ही तिन्ही नावं एकाच किडीची, हेलिकोव्हर्पाची. तिचा पतंग रात्री उडतो आणि रात्रीच अंडी घालतो. एक मादी शेकडो अंडी घालते. कामगंध सापळ्यात आपल्याला नर सापडतात. मादीला हवेत टिपणारा गडी म्हणजे किडे खाणारं बारकं वटवाघूळ. काही गावांत त्याला पाकोळी म्हणतात. ही रात्रपाळी फुकट चालते, म्हणून तिचा हिशोब कुणी ठेवत नाही.

वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वाघळं वेगळी. ती फळं खातात. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांच्या बिया लांब लांब नेऊन टाकतात, मोहाच्या फुलांचं परागीभवन करतात. किनवट-माहूरकडच्या लोकांना मोहाची किंमत सांगायला नको.

हिशोब ठेवला तर काय निघतं ते बघा. मेक्सिकोतली लाखो वटवाघळं दरवर्षी स्थलांतर करून अमेरिकेत टेक्सासला येतात आणि तिथल्या कपाशीवर रात्रभर पतंग खातात. ती कीड आपल्या बोंडअळीची चुलत बहीणच. २००६ च्या एका अभ्यासात सुमारे १०,००० एकर कपाशीसाठी या कामाची किंमत काढली, ती वर्षाला सरासरी ७,४१,००० डॉलर भरली. २०२४ मध्ये अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास आला. बुरशीच्या रोगानं जिथं वटवाघळं मेली, त्या भागात शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला. गडी गेला, फवारणी वाढली.

आता पवनचक्की. लांबून पंखा सावकाश फिरतो असं वाटतं, पण पात्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्याही पुढं जातं. वटवाघूळ काही थेट मार बसून मरतात. २००८ च्या कॅनडातल्या अभ्यासात तर अंगावर जखम नसलेली, पण आतून रक्तस्राव झालेली वाघळंही सापडली. उत्तर अमेरिकेत मेलेल्यांत मोठा वाटा स्थलांतर करणाऱ्या जातींचा आहे, तोही उन्हाळा सरताना आणि पानगळीत, म्हणजे ती वाटेवर असताना. आपल्या देशात कच्छमध्ये पंख्याखाली वटवाघळं मेल्याची नोंद सालिम अली केंद्राच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये छापली. उंदीर मेले तर महिन्यात भरून निघतात. बहुतेक वटवाघळांना मात्र वर्षाला एकच पिल्लू होतं. घट झाली की भरून यायला वर्षं जातात.

एक गेलं की साखळी कशी हलते, ते साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर दिसलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये लिहिलं, की पंखे नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आहेत. पंख्यांच्या भागात त्यांचा धाक कमी झाला आणि सरडे वाढले. तिथं सरडे वाढले. आपल्या तुरीत पतंग वाढले तर?

यावर तोड आहे, आणि ती पंखा बंद पाडायची नाही. वटवाघळं मंद वाऱ्यात जास्त उडतात, कारण किडेही तेव्हाच उडतात. मंद वाऱ्यात वीजही थोडीच तयार होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००८ आणि २००९ मध्ये स्थलांतराच्या दिवसांत, फक्त रात्री, वारा ताशी १८ ते २३ किलोमीटर होईपर्यंत काही पंखे थांबवून ठेवले. मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. वर्षाच्या विजेत घट १ टक्क्याच्याही आत.

पण कोणत्या रात्री थांबवायचं? कोणत्या डोंगरावर? त्यासाठी वाघळं कुठं राहतात, कधी येतात, कधी जातात याचा नकाशा लागतो. आणि मेख इथंच आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. म्हणजे त्या कायद्यानं पाहणी सक्तीची नाही. मग रोज दिवेलागणीला शिवारात कोण असतं? आपणच.

मी दोन पावसाळ्यांपासून वहीत लिहितो. आमच्या ओढ्याकाठच्या वडावर मोठी वाघळं आहेत. मोह फुलायच्या दिवसांत ती कमी होतात, उंबर पिकला की पुन्हा भरतात. माझ्या एका वहीत एवढंच दिसतं. पण त्याच दिवसांत किनवटकडच्या कुणी संख्या वाढल्याचं लिहिलं, तर दोन टिंबांमधून रेघ ओढता येईल. नकाशा असाच तयार होतो.

काय लिहायचं ते सांगतो:

१) झाड, जुनी विहीर, पडका वाडा, लेणी, किल्ल्याचा तळघरासारखा भाग, जिथं वाघळं राहतात ती जागा. मोबाईलवर लोकेशन टाका.

२) महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तिथीला, दिवस मावळताना बाहेर पडणारी वाघळं मोजा. अंदाज चालेल, पण दर वेळी त्याच जागी बसून.

३) कोणत्या दिशेला जातात ते लिहा. डोंगराच्या खिंडीतून का ओढ्याच्या काठानं, तेही.

४) जवळ पंखे असतील तर उजाडायच्या आत खाली फेरी मारा. उशीर केला तर कुत्री, मुंगूस, कावळे काही ठेवत नाहीत. फोटो, तारीख, पंख्याचा नंबर घ्या.

५) जिवंत असो वा मेलेलं, उघड्या हातानं धरू नका. चावलं तर जखम साबणानं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

निपाहचं नाव ऐकून काही ठिकाणी झाडं तोडायची भाषा होते. वाघळं हुसकली तर ती मरत नाहीत, दुसऱ्या वस्तीकडं जातात. अंतर ठेवा, उष्टं फळ खाऊ नका, एवढं पुरतं.

कंपनीच्या माणसाला मी पाहणीचं विचारलं. तो म्हणाला, "काका, पक्ष्यांचं कुणीतरी विचारतं, वाघळांचं पहिल्यांदाच ऐकतोय." घरी धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं. "दादा, तू अट घातलीस तर पंखा शेजारच्या बांधावर जाईल. भाडं त्याला, आवाज आपल्याला." त्याचं म्हणणं खोटं नाही. पोरांच्या शिक्षणाचा खर्च त्यालाही दिसतो, मलाही.

म्हणून अट एकट्यानं घालून उपयोग नाही. ग्रामसभेत ठराव घ्यायचा, सगळ्यांच्या करारात एकच कलम. पंखा उभारायच्या आधी वर्षभर वटवाघळांची पाहणी, उभारल्यावर खाली शोधफेरी, आणि गरज दिसली तर मंद वाऱ्याच्या ठरावीक रात्री पंखा थांबवणं. तेवढ्या रात्रींसाठी भाडं कापायचं नाही, हेही त्याच कलमात लिहून घ्यायचं. कृषी विद्यापीठातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांना विनंती, या कलमाचा मसुदा आणि मोजणीचा एक साधा तक्ता करून द्या. मोजायचं काम आमचं.

आमची ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. वही घेऊन जाणार आहे. सही त्यानंतर.