सावळ्या रंगाची डबी

नैसर्गिक दिसायला हल्ली फार खटपट करावी लागते. ‘नैसर्गिक कांती’ देणारी खनिज पावडर मिळते, असं भाचीनं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. निसर्गानं दिलेली कांती चेहऱ्यावर असताना तीच पुन्हा डबीतून विकत आणायची? पण नवी वस्तू पाहिल्याशिवाय बाईमाणसाला चैन कुठलं! मी भाचीबरोबर दादरच्या एका दुकानात गेले.

आमच्या घराण्यात सावळा रंग आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आला. दागिन्यांची वाटणी झाली, रंगाची झाली नाही. जिला मिळाला तिला तो पुरेपूर मिळाला. लग्नाकार्याला निघताना आई आधी स्नो चोपडायची आणि वर पावडर थापायची. घरी येणाऱ्या पावडरीला छटा एकच, गुलाबी! मग चेहरा एका बाईचा आणि मान दुसरीची असं दिसे. एवढं करूनही फोटोच्या वेळी ती मागच्या रांगेत सरकायची. “गोऱ्यांना राहू दे पुढे,” असं हसत म्हणायची. ते हसणं लहानपणी मला खरं वाटायचं.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली. मुलगी बघायला येणाऱ्यांची नजर बदलायला किती लागतील, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

तर ती पावडर. तिच्यात असतं काय? टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड ही दोन पांढरी चूर्णं डाग झाकतात. अभ्रकामुळे ती त्वचेवर सहज पसरते आणि थोडी चमक येते. रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडांमुळे: लाल, पिवळा आणि काळा. गेरूला जो लालपणा असतो तो याचाच! या तिघांचं प्रमाण बदललं की गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळी अशा साऱ्या छटा निघतात. पांढरं जास्त झालं, की आमच्यासारखीच्या तोंडावर राख फासल्यासारखी कळा येते.

दुकानातल्या मुलीनं सवयीनं माझ्यापेक्षा दोन छटा उजळ डबी पुढे केली. “काकू, ही लावा, फ्रेश दिसाल.” भाची म्हणाली, “मावशी, ती ठेव. हनुवटीच्या कडेला लाव आणि बाहेर उजेडात चल.” फुटपाथवर उभं राहून आम्ही तीन छटा लावून पाहिल्या. दोन दिसल्या; तिसरी दिसेचना. “हीच तुझी!” भाची म्हणाली. आयुष्यात प्रथमच माझ्या रंगाची वस्तू मी दुकानातून घेतली.

लावायची रीतही सोपी आहे. झाकणात चिमूटभर घ्यायची, ब्रश घोळवायचा, जास्तीची झटकायची आणि गोल गोल फिरवत पातळ थर द्यायचा. चेहरा ओलसर असला तर मात्र तिचे डाग पडतात. मुंबईच्या घामापुढे खनिजांचंही चालत नाही.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाचं. यातले लोखंडाचे रंग बहुतेक कारखान्यात बनवलेले असतात, कारण खाणीतल्या मातीबरोबर शिसं आणि आर्सेनिकही येऊ शकतं. अभ्रकाची गोष्ट आणखी निराळी. झारखंडात कोडरमा आणि गिरिडीहकडे लहान मुलं अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिथल्या बेकायदा खाणींत मुलांचे जीव गेल्याच्या बातम्या २०१६ मध्ये जगभर पोहोचल्या. म्हणून मी प्रयोगशाळेत तयार केलेलं अभ्रक असलेली डबी मागून घेतली. ते निसर्गातलं नाही, पण ते लावून आरशात बघताना मान खाली घालावी लागत नाही. माझ्या मते या डबीत नैसर्गिक असेल तर एकच गोष्ट: ती मला गोरी करू बघत नाही.

परवा पुतण्याच्या लग्नात मी ती आईला लावली. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. आरशात बराच वेळ बघून ती म्हणाली, “काही लावलंस का गं? ही तर मीच आहे.”

“तेच तर लावलंय, आई.”

फोटोच्या वेळी ती मागे सरकली नाही. सरळ पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. पावडरीमुळे बसली की गुडघ्यांमुळे, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.