कॅश स्लो झालीय!

आमच्या फील्डमध्ये ‘कॅश’ म्हणजे पैसे नव्हेत. मागे एकदा ‘अरे, कॅश फार स्लो झालीय’ असं मी फोनवर ओरडत होते. ते आईने ऐकलं आणि रात्री हळूच विचारलं, ‘पगार अडकलाय का गं?’ मग तिला मिसळणाच्या डब्याचं उदाहरण दिलं. मोहरी, हळद, तिखट रोज लागतं, म्हणून ते ओट्यावर. बाकीचा साठा माळ्यावर. दरवेळी स्टूल लावून वर चढायचं नाही, एवढाच फंडा. आमचा माळा म्हणजे डेटाबेस आणि डबा म्हणजे कॅश. ऑनलाइन शॉपिंगची गर्दी मोठी, म्हणून आमच्याकडे असे डबे १२. सगळा माल मशिनच्या मेमरीत, त्यामुळे उत्तर मिलिसेकंदाच्या आत.

निदान तसं अपेक्षित असतं. त्या आठवड्यात मात्र पानं उघडता उघडत नव्हती.

साइट ‘डाउन’ झाली ना, तर एका अर्थी सुख असतं. काय पडलंय ते सगळ्यांना दिसतं. ‘स्लो’ म्हणजे अंगात कणकण. थर्मामीटरवर ताप येत नाही, पण माणूस धड नाही. कस्टमर केअरकडे तक्रारींचा ढीग आणि आमचे ग्राफ हिरवेगार. १२ मशिनचा सरासरी सीपीयू? फक्त १५ टक्के. आता बोला!

अशा वेळी ऑफिसात आधी कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाचा कोड आदल्याच दिवशी लाइव्ह गेला होता. बस्स, ठरलं. लातूरचा मुलगा, पहिली नोकरी, पहिलं अप्रेझल पुढच्या मंगळवारी. दुपारपर्यंत तो स्वतःच म्हणायला लागला, ‘मॅडम, माझ्यामुळेच झालं असेल.’ मी त्याचा कोड दोनदा वाचला. एका बटणाचा रंग आणि दोन ओळी मजकूर. कॅशला त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

मॅनेजरचा उपाय रेडी होता: १२ चे २४ करा. ऐकायला सॉलिड वाटतं. पण आम्ही वापरतो त्या रेडिसच्या क्लस्टरमध्ये १६,३८४ कप्पे असतात. प्रत्येक नोंदीचा कप्पा ठरलेला आणि त्या कप्प्याचं मशिनही ठरलेलं. लग्नाच्या बुफेत जिलबी एकाच काउंटरवर असेल, तर १२ चे २४ काउंटर लावा, जिलबीची रांग तेवढीच राहणार. वर कप्पे इकडून तिकडे हलवताना मोठी नोंद आली, की ती हलेपर्यंत दोन्ही मशिन थांबतात. म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भारी.

रेडिसकडे संथ कामांची एक वही असते, स्लोलॉग. १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाणारी कमांड तिच्यात आपोआप लिहिली जाते. आम्ही ती उघडली, तर जवळपास कोरी! इथेच बरेच जण ‘कॅश ठीक आहे’ म्हणून घरी जातात. पण ही वही फक्त कमांड चालवायचा वेळ मोजते. उत्तर नेटवर्कवरून पाठवायला लागलेला वेळ त्यात नाहीच. एकाने ‘मॉनिटर’ कमांड लावायला घेतली, त्याचा माऊस मी अक्षरशः धरला. ती प्रत्येक हालचाल दाखवते खरी, पण दमलेल्या मशिनला आणखी दमवते.

मग सरासरी बाजूला ठेवली आणि १२ मशिनचे ग्राफ वेगवेगळे काढले. ११ मजेत. सात नंबरच्या मशिनचं नेटवर्क मात्र छताला टेकलेलं.

एकच मशिन आजारी, मग बोंब सगळ्यांची का? आमचं एक पान कॅशला साधारण २० गोष्टी विचारतं. त्या २० पैकी एकदाही सात नंबरशी गाठ पडणार नाही, अशी पानं निघतात जेमतेम १८ टक्के. बाकीच्या ८२ टक्क्यांना वाट बघणं आलंच. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ साली हेच मांडलं होतं: एका सर्व्हरची १०० पैकी एकच विनंती रेंगाळत असेल, पण तुमचं काम अशा १०० सर्व्हरवर अवलंबून असेल, तर ६३ टक्के कामं रेंगाळतात. सरासरीला यातलं काही दिसत नाही.

सात नंबरवर मोठ्या नोंदी शोधल्या. रेडिसच्याच साधनात ‘बिगकीज’ नावाची सोय आहे, ती हळूहळू चाळत जाते, कुणाला थांबवत नाही. सापडली ती पिनकोडची यादी. तब्बल ४ एमबी! ‘तुमच्या घरी डिलिव्हरी होईल का’ एवढं सांगण्यासाठी अख्खी यादी ओढायची आणि त्यातला एक पिनकोड बघायचा. सेकंदाला अशा ३०० चौकश्या, म्हणजे १,२०० एमबी. आमची १० गिगाबिटची लाइन जास्तीत जास्त १,२५० एमबी झेपवते. हिशेब तिथेच संपला.

गंमत म्हणजे यात कुणी काही बिघडवलं नव्हतं. यादी सुरू झाली तेव्हा डिलिव्हरी फक्त पुण्या-मुंबईत होती, दोनेकशे पिनकोड, जेमतेम ४० केबी. मग धंदा देशभर पसरला, पिनकोड झाले सुमारे १९ हजार, आणि सणाच्या गर्दीत ती लाइन भरली.

दुरुस्ती दुपारभराची. यादी फोडली, प्रत्येक पिनकोडची वेगळी नोंद केली. त्या आपोआप बाराही मशिनवर विखुरल्या. शिवाय पिनकोड काही मिनिटामिनिटाला बदलत नाहीत, म्हणून जास्त विचारले जाणारे पाच मिनिटांसाठी साइटच्या सर्व्हरवरच ठेवले. संध्याकाळी सात नंबर बाकीच्यांसारखाच सुशेगात.

पण मधल्या काळात एक मेल फिरला होता, ‘रूट कॉज: नवीन रिलीज’. असे मेल कुणी मागे घेत नाही. विषय संपला, की सगळे विसरतात आणि अप्रेझलच्या फायलीत तेवढी ओळ उरते. म्हणून सोमवारी सकाळी, चहाही न घेता, मी त्याच मेलला रिप्लाय-ऑल केलं. बाराही ग्राफ, पिनकोडचा हिशेब आणि त्या मुलाच्या कोडच्या जेवढ्या ओळी होत्या, तेवढ्या सगळ्या जोडून.