सरमा

साताऱ्यात शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या पिछाडीस गुळाची एक जुनी वखार होती. धंदा बसल्यावर सावकारांच्या तगाद्यास कंटाळून तिचा मालक एके रात्री कुलूप लावून गाव सोडून गेला, आणि पुढे जप्तीचा हुकूम घेऊन बेलिफ आले तेव्हा पंच म्हणून बोलावलेल्या आमच्या अण्णांना, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, खांबाशी लोखंडी साखळीने जखडलेले कुत्रीचे एक तपकिरी पिलू दिसले. राखणीसाठी म्हणून ते दूधपिते असतानाच तेथे आणून बांधण्यात आले होते; मालकाच्या पश्चात एक वृद्ध हमाल दाराखालच्या फटीतून, साखळी पोचेल अशा बेताने, भाकरीचे तुकडे आत सरकवी, म्हणून ते जिवंत राहिले एवढेच. पंचनामा पुरा झाल्यावर अण्णांनी त्याला गोणपाटात गुंडाळून घरी आणले. पणींनी दडवून ठेवलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदातली सरमा, तिचे नाव त्यांनी या मरतुकड्या जिवाला दिले, आणि आईच्या तोंडी त्याचे लगोलग सरू झाले.

दुधाचे सुळे पडू लागलेले पाहून गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी तिचे वय पाच महिन्यांच्या आसपास ठरविले. गोचिडी निघाल्या, खरूज गंधकाच्या मलमाने बरी झाली, जंतांच्या औषधाने पोट उतरले, आणि पावसाळा लागण्यापूर्वी तिच्या अंगावर नवी लव दिसू लागली. भय मात्र तसूभरही ढळले नव्हते. न्हाणीघरातील बंबाच्या मागे अंग चोरून ती दिवसभर बसून राही. जिन्याच्या पायऱ्या, वाळत घातलेले लुगडे, उघडलेली छत्री, पागोटे घातलेला माणूस, यांतील काहीही दिसले की शेपूट पोटाशी घेऊन थरथर कापे, आणि कित्येकदा जागीच मुतून टाकी. हिला कोणी फार मारले असावे, असे शेजारीपाजारी म्हणत. मारलेही असेल, परंतु तिच्या भीतीचे मूळ त्याहून खोल होते, आणि ते मला फार पुढे उमगले.

अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक मानला आहे. या अवधीत ज्याची ओळख होते ते पिलू आपले म्हणते, आणि ज्याची ओळख होत नाही ते त्याला पुढे जन्मभर संशयास्पद वाटू शकते. त्याच ठिकाणी झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिले कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासाविना चौदा आठवड्यांपर्यंत वाढविली, तेव्हा त्यांना कोणी मारले नव्हते की उपाशी ठेवले नव्हते, तरी ती माणूस पाहताच रानटी जनावराप्रमाणे दूर पळू लागली. आमच्या सरमेचे ते आठवडे वखारीच्या अंधारात सरले होते. छत्री तिला ठाऊकच नव्हती, मग ती निरुपद्रवी आहे हे तिने कोणत्या आधारावर मानावे?

अण्णांनी हे ग्रंथ पाहिले नव्हते. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला तो मितभाषी गृहस्थ. त्यांनी घरात ताकीद दिली, की सरूला कोणी हाक मारू नये, हात लावू नये, तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नये आणि तिची वाट अडवू नये. स्वतः ते रोज सायंकाळी सोप्याच्या कडेला, बंबाकडे पाठ करून, ‘केसरी’ उघडून बसत आणि डावा तळहात पाठीमागे जमिनीवर ठेवून त्यावर दुधात भिजविलेला भाकरीचा कुस्करा ठेवीत. प्रारंभी तो कुस्करा मुंग्या नेत. नंतर एकदा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले: सरमा पुढचे दोन पाय शक्य तितके लांब टाकून, मागचे दोन पाय पळण्याच्या तयारीत दूर ठेवून, सारे अंग ताणून उभी होती, कान मागे पडलेले, नाकपुड्या फुरफुरत असलेल्या, आणि मान इंचाइंचाने पुढे सरकत होती. अण्णांनी पान उलटले. त्या आवाजासरशी ती बंबामागे दिसेनाशी झाली. अण्णांनी मागे वळून पाहिले नाही, हात हलविला नाही. आणि थोड्या वेळाने ती पुन्हा आली, त्यांच्या तळहाताला जीभ लागली, कुस्करा संपला, तरी ती क्षणभर तेथेच थांबून त्यांच्या मनगटाचा वास घेत राहिली.

यानंतरचा क्रम संथ परंतु निश्चित होता. तिला ज्याचे भय वाटे ती वस्तू ती जेवत असता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावयाची, आणि तिची शेपूट सैल राहील इतक्याच बेताने ती दिवसेंदिवस जवळ आणावयाची. छत्री आधी मिटलेली, मग अर्धी, मग पूर्ण उघडलेली. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने सशाला भिणाऱ्या एका बालकाचे भय याच रीतीने, खाऊ आणि अंतर यांच्या साहाय्याने घालविल्याचे प्रसिद्ध केले होते, हे वाचून मला अण्णांविषयी अधिकच आदर वाटला.

एका आप्तांना ही सारी दिरंगाई वाटे. त्यांनी एकदा सरमेला पट्ट्याला धरून पलंगाखालून ओढले, ती गुरगुरली, आणि त्यांनी छडी मागितली. अण्णा म्हणाले, “अहो, गुरगुरणे ही तिची नोटीस आहे. नोटीस देण्याबद्दल तिला शिक्षा केली, तर पुढच्या वेळी ती नोटिशीशिवाय चावेल.” कुत्रे वळविण्याविषयी इतके शहाणपणाचे वाक्य मी अन्यत्र ऐकले नाही.

तिचा खरा गुरू मात्र पलीकडच्या वाड्यातील मोत्या हा म्हातारा कुत्रा. अण्णा त्याला मुद्दाम आणवीत. तो जिना चढे, म्हणून तीही चढली. तो पाहुण्यांच्या पायांशी आडवा होई, म्हणून तीही वितभर अंतर राखून बसू लागली. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे शब्द ती जेवणापूर्वीच्या अल्पावधीत शिकली. तिला नाव घेऊन बोलवावे ते सुखासाठीच, औषध पाजण्यासाठी आपण उठून तिच्याकडे जावे, हा आमच्या घरचा शिरस्ता झाला. पहिल्या बेंदराला हलगीचा आवाज ऐकून तिने दिवसभर अन्न घेतले नव्हते. पुढल्या बेंदराला आईने तिला आधी माडीवर नेऊन दुरून बैल दाखविले, गुळाचा खडा दिला, आणि त्यापुढल्या वर्षी सरू उंबरठ्यावर उभी राहून मिरवणूक पाहत होती.

ती पुष्कळ वर्षे जगली, परंतु सर्वस्वी निर्भय कधीच झाली नाही. परका मनुष्य हात पुढे करी तेव्हा ती अखेरपर्यंत दोन पावले मागे सरे. बंद खोलीत तिला एकटी ठेवता येत नसे. आम्ही ते बदलण्याचा हट्ट धरला नाही. ज्या वाचकांच्या घरी असे पिलू येईल त्यांना माझी एवढीच विनंती, की त्याला निवाऱ्याचा एक कोपरा द्यावा, वेळच्या वेळी अन्न द्यावे, आणि ते आपण होऊन हाताशी येईपर्यंत त्याला उचलून घेण्याची घाई करू नये.