दारातला काळ्या

नवा पाहुणा उंबऱ्यातच थबकतो. "कोळसा काहून ठेवला जी दारात?" त्याचं चुकत नाही. उमरेड, कामठी असा कोळशाचा शेजार लाभलेल्या नागपूरकराला काळं ढेकूळ दिसलं की कोळसाच आठवणार. मी म्हणतो, उचलून पाहा. सोललेल्या नारळाएवढा दगड म्हणून पाहुणा एक हात घालतो आणि लगेच दुसरा लावतो. किराण्याच्या काट्यावर तीन किलोंच्या वर भरलाय हा. एवढाच कोळसा एक किलोही भरला नसता.

हा आमचा काळ्या. जातीनं मँगनीज. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून रिटायर होताना काकाजींनी तो मागून आणला. मे महिन्यात लू सुटली की दार आपटू नये, एवढंच काम. पगार नाही, तक्रार नाही. पण हात लावाल तर बोटं काळी करणार. आजीच्या पांढऱ्या पातळाला एकदा त्याचा डाग लागला, तेव्हापासून ती त्याला पायानंच सरकवायची.

त्याचं कूळ मोठं. लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला. या खनिजाच्या सोबतीनं सापडणाऱ्या एका खडकाला त्यानं इथल्या गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. रामटेकजवळच्या मनसरलाही याच कुळाच्या खाणी आहेत. सोयरे मात्र फसवे. गडचिरोलीकडचं लोहखनिज कधी कधी असंच काळंकरडं चमकतं. मग ओळखायचं कसं? इतवारीतला सराफ सोनं कसोटीवर घासतो, तसं. चहाच्या कपाच्या बुडाला चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर दगड ओढायचा. लोखंडवाला तांबूस रेघ सोडतो, आमचा काळ्या काळीच. बाहेरून काळा, घासून काळा, फोडून काळा. मधेमधे गारगोटीचे पांढरे कण आहेत, म्हणून शास्त्र त्याला शुद्ध संयुग म्हणणार नाही, मिश्रण म्हणेल. आमच्या घरात तरी शुद्ध कोण आहे?

वजन करा, घासा, ओरखडा. तो होता तोच राहतो. हे झाले भौतिक गुण. रासायनिक गुण विचारला की पदार्थाला बदलून उत्तर द्यावं लागतं. इथं काळ्याची खोड दिसते. जखमेवर लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधून आणलं, वाटीत ओतलं आणि त्याची चिमूटभर भुकटी टाकली. फसफसून फेस वर आला. विझत आलेली उदबत्ती वाटीत धरली तर टोक लखलखलं, कारण वर येत होता तो प्राणवायू. पेरॉक्साइडचं पाणी झालं. आणि काळ्या? बुडाशी बसलेली भुकटी गाळून वाळवली, तर जशीच्या तशी! भाऊबंदांत भांडण लावून स्वतः ओट्यावर सुपारी कातरत बसणारा एक मामा आमच्याकडेही होता.

पण एवढंच सांगितलं तर त्याच्यावर अन्याय होईल. पोलादाच्या भट्टीत याच कुळातलं मँगनीज गंधक आणि प्राणवायू स्वतःकडे ओढून घेतं, नाहीतर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ साली पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घातलं आणि ठोके खाऊन आणखी कडक होणारा धातू हाती आला. रुळांच्या क्रॉसिंगला तोच लागतो. नागपूरसारख्या जंक्शनला ते वेगळं सांगायला नको.

सेलमध्ये तर तो स्वतःच झिजतो. बाहेर जस्ताचं डबडं, मधे कार्बनची कांडी आणि दोन्हींच्या मधल्या काळ्या लगद्यात हा. बॅटरी पेटते तसतसा आतून बदलत जातो, पुरता बदलला की सेल संपला. आमच्या शाळेत असे मेलेले सेल फोडून ती भुकटी पाल्याच्या रसात कालवायची आणि पांढुरका पडलेला फळा सारवायचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं-पाचजण ते काम करायचो. कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी आलो की आजी आधी माझ्याकडे बघायची, मग दाराकडे, आणि म्हणायची, "त्याले हात लावला ना पुन्हा?"