चार भाषांच्या शहरात

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे सिंगापूरला जाण्याचा योग आला. इंदूरच्या सरकारी शाळांतून उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला ते शहर म्हणजे एक उघडे पाठ्यपुस्तकच वाटले. ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियापासून विलग झालेल्या या बेटापाशी ना खनिजे होती, ना पुरेशी शेती. पाणीसुद्धा खाडीपलीकडच्या जोहोर राज्यातून आणावे लागे. आजही काही प्रमाणात ते तेथूनच येते. जवळ होते ते मोक्याचे बंदर आणि कष्टाळू माणसे. त्या बळावर त्याने जगातील अग्रगण्य बंदरांत स्थान मिळविले.

वस्ती सुमारे साठ लाखांची. कायमच्या रहिवाशांत तीन चतुर्थांश चिनी वंशाचे. त्यांच्यानंतर मलय आणि मग शेकडा नऊच्या आसपास भारतीय. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चार राजभाषा. चिनी वस्तीतच मारिअम्मनचे जुने देऊळ आहे आणि त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांची मशीद. १९६४ साली या शहराने वांशिक दंगली पाहिल्या. ती आठवण राज्यकर्त्यांनी पुसू दिली नाही. सरकारने बांधलेल्या इमारतींत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत, याची मर्यादा १९८९ पासून ठरलेली आहे. शेजार असा नियमाने जुळविता येतो, हे पाहून मी थक्क झालो.

भावाच्या शेजारी एक वृद्ध चिनी बाई राहत. त्यांची बोली होक्किएन. १९७९ पासून शासनाने चिनी लोकांना बोली सोडून मँडरिन बोलण्याचा आग्रह धरला. पुढे इंग्रजीचा पगडा बसला. परिणामी नातवाला इंग्रजी आणि मँडरिन येते, आजीची बोली येत नाही. आजी संत्रे सोलून देते, नातू ‘थँक यू’ म्हणतो आणि संभाषण तेथेच संपते.

हे पाहून मी हळहळलो खरा. पण रविवारी इंदूरहून आमच्या आईचा फोन आला. “काय जेवलीस गं?” या प्रश्नाला माझी दहा वर्षांची पुतणी “यस, आजी” एवढेच म्हणाली आणि फोन माझ्या हाती देऊन निघून गेली. रात्री मी तिला जरा दरडावूनच म्हटले, “आजीशी मातृभाषेत बोलावे.” ती निरागसपणे म्हणाली, “मोठे काका, माय मदर टंग इज हिंदी. शाळेत तसंच लिहिलंय.”

खोटे नव्हते ते. तेथे मातृभाषा हा शाळेतला एक विषय आहे. भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी त्यांत नाही. महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. पण भाषा उत्सवावर जगत नाही. आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आमच्या इंदुरात, माझ्याच घरात, मुले भांडतात ती हिंदीत. तेथे तर कोणत्याही शासनाने आम्हाला अडविलेले नाही. शेजारी कोण असावा हे सरकार ठरवू शकते. जेवताना मीठ कोणत्या भाषेत मागावे, हे घरानेच ठरवायचे असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. हिंदीमुळे त्या पोरीला देवनागरी उत्तम वाचता येत होती. तेव्हापासून दर आठवड्याला आई सांगते आणि मी तिला पत्र लिहितो. परवा तिचे पहिले उत्तर आले: “आजि, मि वरण भात जेवली. तू काय जेवलि?”

तीन ओळींत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका किती, ते मोजण्याची सवय जुनी आहे. पण या वेळी लाल शाईचे पेन खिशातच राहिले. आईने ते पत्र देवापाशी ठेवले आहे.