सिंहगडावर सोललेला गुडघा

रविवारी सिंहगडाची पायवाट चढताना मुलं धावतातच आणि सुट्या मुरमावर पाय घसरतो. गुडघा सोलवटतो. आई पर्समध्ये रुमाल शोधते, आजोबा फुंकर घालतात, बाबा म्हणतात, “काही नाही झालं!” मुलाला मात्र झालेलं असतं. “दुखतंय ना रे?” एवढं विचारलेलं जास्त उपयोगी.

जखमेला आधी हवं ते स्वच्छ पाणी. बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं की बारीक धार मिळते, माती निघून जाते. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरायचं. मध्येच उचलून बघण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. हळद, चहापूड स्वयंपाकघरातच बरी. धनुर्वाताच्या लशीचे डोस राष्ट्रीय वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही असतात; निघण्यापूर्वी कार्ड पाहावं.

पाय टेकवताच येत नसेल तर मात्र चालवायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा.

किरकोळ जखमेचं खरं दुःख म्हणजे भावंडं पुढे पळतात. अशा वेळी जखमी वीराला म्होरक्या करावं: गडावर देवटाक्याच्या पाण्यापाशी किती वेळ थांबायचं, मटक्यातलं दही आधी की भजी, हे त्यानंच ठरवायचं. धाकटीची तक्रार येणारच, “मग मीपण पडते!”