पाच लाखांचे कवच आणि उपनगरातील खाट

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली, नांदेड यांच्या जोडीला मुंबई उपनगराचाही समावेश होता. त्यामुळे अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्याला या योजनेचा राज्यातील सर्वांत जुना अनुभव आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार, म्हणजे रुग्णाने पैसे न भरता रुग्णालयाने खर्च विमा कंपनीकडून वसूल करणे, हे तिचे मूळ सूत्र होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कवच पाच लाखांवर नेऊन शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून टाकली.

ही अट काढणे उपनगरांच्या दृष्टीने आवश्यकच होते. केशरी शिधापत्रिकेची एक लाख रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा १९९९ मधील आहे, आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत पती सुरक्षारक्षक व पत्नी घरकामगार असेल, तर दोघांची प्रामाणिकपणे सांगितलेली कमाई ती मर्यादा सहज ओलांडते. परंतु सर्वांना समान हक्क देताना, पूर्वी ज्यांच्यासाठी योजना आखली गेली त्यांना रांगेत कोणतेही प्राधान्य उरले नाही. विमा हा खर्च भागवण्याचा करार असतो. त्यातून खाट निर्माण होत नाही, आणि योजनेतील काही उपचार तर केवळ शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. बोरिवलीच्या भगवती आणि मुलुंडच्या एम. टी. अगरवाल या महापालिका रुग्णालयांची पुनर्बांधणी वर्षानुवर्षे रेंगाळली आणि तेवढा भार कूपर, राजावाडी व कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयांवर पडला. अंधेरीच्या कामगार विमा रुग्णालयाचे उदाहरण याहून बोलके आहे: १७ डिसेंबर २०१८ च्या आगीनंतर तेथील आंतररुग्ण सेवा दीर्घकाळ बंद राहिली, तरी कामगारांच्या वेतनातून वर्गणीची कपात मात्र नियमाने होत राहिली.

दुसरी उणीव योजनेच्या रचनेतच आहे. तिचा आधार 'पॅकेज' हा असतो, म्हणजे ठरावीक शस्त्रक्रियेसाठी वा उपचारासाठी तपासण्या, औषधे, भोजन आणि घरी परतण्याचे एसटीचे वा रेल्वेचे भाडे धरून आधीच ठरवलेली रक्कम. संगणकावर पूर्वमान्यता मिळाल्यावर आणि रुग्ण दाखल झाल्यावरच ही रक्कम लागू होते. त्याआधीचा निदानाचा खर्च, बाह्यरुग्ण विभागातील फेऱ्या आणि बुडालेली रोजंदारी यांचा तिच्यात हिशेब नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस मोफत मिळते, पण ती निकामी होऊ नयेत म्हणून रोज घ्यायच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या विम्याबाहेर राहतात. गोळ्यांचे काम महापालिकेच्या दवाखान्यांवर सोडलेले आहे, आणि तेथे औषध संपले की रुग्णाला बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी मिळते. आधी आजार बळावू देऊन मग खर्च करण्याचा हा क्रम अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही उलटाच म्हटला पाहिजे.

खाजगी क्षेत्रात एक जुने साधन दुर्लक्षित आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, व त्यासाठी देयकांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. पॅकेजचा दर परवडत नाही म्हणून विमा योजनेबाहेर राहणाऱ्या धर्मादाय रुग्णालयालाही हे बंधन चुकत नाही. तेव्हा शासनाने शिधापत्रिकांची संख्या सांगण्याऐवजी प्रत्येक प्रभागात योजनेखाली किती खाटा उपलब्ध होत्या, किती रुग्ण परत पाठवले गेले आणि धर्मादाय खाटांपैकी किती रिकाम्या राहिल्या, हे दरमहा जाहीर करावे. आणि दाखल होण्याची वेळ आलेल्या कुटुंबाने योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात नेमलेल्या आरोग्यमित्राबरोबरच, धर्मादाय खाटेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवकाकडेही लेखी अर्ज द्यावा.